इलेक्ट्रॉनचे संक्रमण: मोरचुदातील खिळ्यापासून साखर मोजणाऱ्या पट्टीपर्यंत

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकून ठेवण्याचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत केला आहे. काही वेळाने खिळा बाहेर काढला की त्यावर तांबूस थर दिसे, द्रावणाचा निळा रंग फिकट होऊन त्यात हिरवट झाक येई आणि वहीत एक वाक्य उतरवले जाई: लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते तांब्याला विस्थापित करते. परीक्षेत या वाक्याला पूर्ण गुण मिळत. मात्र प्रत्यक्ष काय घडले ते या वाक्यात झाकलेलेच राहते. लोखंडाच्या अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन सोडले, तांब्याच्या आयनाने ते घेतले. देणारा द्रावणात उतरला आणि घेणारा खिळ्यावर बसला. व्यवहार एवढाच. जो इलेक्ट्रॉन देतो त्याचे ऑक्सिडीकरण होते, जो घेतो त्याचे क्षपण होते. पाठ्यपुस्तकात ही दोन भारदस्त नावे वेगवेगळ्या व्याख्यांत दिलेली असली, तरी ती एकाच देवघेवीची दोन टोके आहेत.

येथे एक साधा प्रश्न उभा राहतो आणि शाळेत तो सहसा विचारला जात नाही. ही देवघेव कधी क्षणात होते, कधी वर्षानुवर्षे होतच नाही, असे का? घरातील साखरेचा डबा उघडा राहिला तर त्याला मुंग्या लागतात. साखर काही हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळून जात नाही. तीच साखर पोटात गेली की शरीर तिच्यातील इलेक्ट्रॉन काढून घेते आणि ३७ अंश तापमानाला, ज्योतीवाचून, ते ऑक्सिजनपर्यंत पोहोचवते. त्या व्यवहारातून सुटलेल्या ऊर्जेवर आपण चालतो, बोलतो, विचार करतो. साखर तीच, ऑक्सिजनही तोच. पाण्याला जसा उतार असतो तसा इलेक्ट्रॉनलाही असतो आणि तो दोन्हीकडे सारखाच आहे. डब्यात मात्र इलेक्ट्रॉनला वाट नाही. शरीरात ती बांधलेली आहे. प्रस्तुत लेख त्या वाटेविषयी आहे.

वाटेचा विचार करण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. चेंबूर-मानखुर्दच्या पलीकडे, खाडीच्या कडेला ट्रॉम्बेची टेकडी उभी आहे. मराठीत या गावाचे जुने नाव तुर्भे. खाडीपलीकडचे, नवी मुंबईतील तुर्भे ते निराळे. येथे कोळीवाडा आणि धक्का आहे, तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि वीजकेंद्र आहे आणि टेकडीच्या आश्रयाने भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ‘सायरस’. अणुभट्टी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अणुकेंद्राचे विखंडन येते आणि ते योग्यच आहे. परंतु भट्टीतून बाहेर पडलेल्या इंधनातून उपयुक्त द्रव्य वेगळे काढण्याचे काम अणुकेंद्राच्या भौतिकीत बसत नाही. ते रसायनशास्त्राचे काम आहे आणि त्याचा कणा म्हणजे इलेक्ट्रॉनची देवघेव.

सायरसमधून काढलेल्या कांड्यांत बहुतांश युरेनियमच शिल्लक असे. त्यात अल्प प्रमाणात प्लुटोनियम तयार झालेले असे आणि त्यांच्या सोबतीला विखंडनातून जन्मलेली, अत्यंत किरणोत्सारी अशी कितीतरी मूलद्रव्ये. या कांड्यांवर प्रक्रिया करणारे संयंत्र होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी व रसायनतज्ज्ञांनी ट्रॉम्बे येथे उभारले. १९६४ मध्ये ते कार्यान्वित झाले आणि जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यातील क्रियेची रूपरेषा शाळेतील मुलालाही समजेल इतकी सरळ आहे. प्रथम कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवायच्या. मग त्या आम्लात ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाचे द्रव्य मिसळलेला, रॉकेलच्या जातीचा एक तेलकट द्रावक घुसळायचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत; दोन थर वेगळे होतात. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलकट थरात चढतात, बाकीची किरणोत्सारी मूलद्रव्ये बहुतांशी खाली आम्लात राहतात.

आता तेलकट थरात युरेनियम आणि प्लुटोनियम एकत्र आहेत. त्यांना एकमेकांपासून वेगळे कसे करायचे? येथे इलेक्ट्रॉन कामास येतो. त्या थरातील प्लुटोनियमच्या आयनावर चार धन प्रभार असतात. त्याला केवळ एक इलेक्ट्रॉन दिला की प्रभार तीन होतो आणि तीन प्रभारांच्या प्लुटोनियमला तेलकट थरात थारा मिळत नाही. तो निमूटपणे आम्लात उतरतो. युरेनियमला तो इलेक्ट्रॉन सहजी घेता येत नाही, म्हणून ते वरच राहते. अणुयुगातील एवढी अवाढव्य उठाठेव, काँक्रीटच्या जाड भिंती, दुरून हलवायची यंत्रे, या सर्वांच्या मुळाशी एका इलेक्ट्रॉनची ही देवघेव आहे.

हा इलेक्ट्रॉन देणारे द्रव्य म्हणून अशा संयंत्रांत आरंभी फेरस लोह वापरले जाई. पुढे चार प्रभारांचे युरेनियम वापरण्याची पद्धत रूढ झाली, कारण लोहाचे क्षार शेवटी कचऱ्यात साठत राहतात. परंतु दिलेला इलेक्ट्रॉन टिकवणे हेही एक कामच असते. नायट्रिक आम्लात नायट्रस आम्लाचा अंश नेहमी असतो आणि तो प्लुटोनियमला दिलेला इलेक्ट्रॉन पुन्हा काढून घेतो. म्हणून फेरस लोहासोबत सल्फामेट किंवा युरेनियमसोबत हायड्रॅझिन घालतात. त्यांचे काम एकच: नायट्रस आम्ल दिसले की ते नष्ट करायचे. देणारा, घेणारा आणि राखणदार अशी ही तीन पात्रे वाचकांनी लक्षात ठेवावीत; ती पुढे आपल्या रक्तात पुन्हा भेटणार आहेत.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मे १९७४ मध्ये पोखरण येथे झालेल्या चाचणीतील प्लुटोनियम याच वाटेने, सायरसमधून आणि ट्रॉम्बेच्या या संयंत्रातून आले होते. त्या चाचणीशी तथागतांचे नाव आणि त्यांचे स्मित जोडले गेले, ही गोष्ट आपल्या समाजातील अनेकांना तेव्हाही सलली आणि आजही सलते. मीही त्यांच्यातलाच एक. त्याच ट्रॉम्बेतून रुग्णालयांसाठी समस्थानिके गेली, बियाण्यांचे नवे वाण निघाले, हेही तितकेच खरे. इलेक्ट्रॉन कोणाला द्यायचा हे रसायनतज्ज्ञ ठरवू शकतो. वेगळ्या काढलेल्या द्रव्याचे काय करायचे हे त्याच्या परीक्षानळीत ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्लुटोनियमला चारावरून तीनवर आणणे हे झटपट होणारे काम आहे. परंतु सहा किंवा पाच प्रभारांच्या प्लुटोनियमला चारवर आणायचे म्हटले की काम रेंगाळते. का? वरच्या अवस्थांत प्लुटोनियमने दोन ऑक्सिजन अणू घट्ट धरलेले असतात. नुसता इलेक्ट्रॉन देऊन भागत नाही, ते बंध तोडावे लागतात. म्हणजे विलंब इलेक्ट्रॉनच्या प्रवासामुळे होत नाही. भोवतालच्या अणूंची मांडामांड बदलावी लागते, तिच्यामुळे होतो. ही गोष्ट विज्ञानाला स्पष्टपणे कळली ती मात्र प्लुटोनियमवरून नव्हे, अगदी साध्या लोहावरून आणि कोबाल्टवरून.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांमुळे किरणोत्सारी समस्थानिके प्रयोगशाळांना मिळू लागली आणि रसायनतज्ज्ञांच्या हाती एक युक्ती आली. फेरस लोहाचे आणि फेरिक लोहाचे द्रावण एकत्र केले, तर एकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पण त्यानंतर पाहावे तर पुन्हा एक फेरस आणि एक फेरिक! काही घडले की नाही हे कळायचे कसे? फेरिक लोहात किरणोत्सारी लोहाची खूण घातली आणि काही काळाने ती खूण फेरस लोहात किती आली ते मोजले, की उत्तर मिळते. या मोजमापांनी सर्वांना बुचकळ्यात टाकले. पाण्यातील लोहाच्या आयनांची देवघेव अपेक्षेपेक्षा संथ निघाली. अमोनियाने वेढलेल्या कोबाल्टची तर इतकी मंद की संशोधकांच्या सहनशीलतेची परीक्षाच. आणि फिनॅन्थ्रोलिनसारख्या मोठ्या, ताठ रेणूंनी वेढलेल्या लोहाची देवघेव मात्र निमिषार्धात. एक इलेक्ट्रॉन, दोन आयन, उतार शून्य. तरीही वेगात कोट्यवधी पटींचा फरक.

धातूच्या आयनाभोवती असे रेणू ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिशांना बसले की त्याला धातूचे जटिल संयुग म्हणतात. या संयुगांतील इलेक्ट्रॉनच्या दोन वाटा हळूहळू उलगडल्या. पहिली हेन्री टाउब यांनी दाखवली. कोबाल्टच्या एका संयुगात क्लोरिनचा आयन घट्ट बसवलेला होता. त्याला क्रोमियमने इलेक्ट्रॉन दिला आणि क्रिया संपल्यावर पाहिले तर तो क्लोरिन कोबाल्टकडून क्रोमियमकडे आलेला होता. क्लोरिनचा पूल करून दोन्ही धातूंनी आधी हात मिळवले, इलेक्ट्रॉन त्या पुलावरून गेला आणि मग पूल देणाऱ्याकडे राहिला, हाच त्याचा अर्थ. १९५३ च्या सुमाराचे हे काम. टाउब यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ मध्ये.

दुसऱ्या वाटेत पूलच नसतो. दोन्ही संयुगे आपापला वेढा न सोडता जवळ येतात आणि इलेक्ट्रॉन मधले अंतर उडी मारून ओलांडतो. या उडीचे गणित रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडले. त्यांना नोबेल मिळाले १९९२ मध्ये. ते समजण्यासाठी ट्रॉम्बेच्या धक्क्यावर जावे. भरतीच्या पाण्यात दोन होड्या शेजारी शेजारी डोलत आहेत. एकीवरून दुसरीवर माणसाला पाऊल टाकायचे आहे. पाऊल टाकायला क्षणही लागत नाही. परंतु एक होडी वर आणि दुसरी खाली असताना अनुभवी कोळी पाऊल उचलत नाही. दोन्हींचे काठ एका पातळीत येण्याची तो वाट पाहतो. वेळ जातो तो वाट पाहण्यात.

इलेक्ट्रॉनचेही तसेच. तो अत्यंत हलका, त्याची उडी अतिशय जलद. अणूंची केंद्रे त्यामानाने जड, त्या क्षणात ती जागची हलत नाहीत. तीन प्रभारांच्या लोहाने भोवतालचे पाण्याचे रेणू जवळ ओढून धरलेले असतात, दोन प्रभारांच्या लोहाने जरा सैल. दोन्ही अंतरांत फरक ०.१३ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्याही आतला. एवढ्याशा फरकानेही अडते. उष्णतेच्या थरथराटात एकाचा वेढा किंचित सैल आणि दुसऱ्याचा किंचित आवळ होऊन दोघे मधल्या स्थितीत येतील, काठ समपातळीत येतील, तेव्हाच उडी शक्य होते. कोबाल्टच्या वेढ्यात हा फरक मोठा, म्हणून प्रतीक्षा दीर्घ. फिनॅन्थ्रोलिनच्या वेढ्यात फरक जवळजवळ नाही, म्हणून होड्या कायमच समपातळीत. आयनांच्या पलीकडे पसरलेल्या द्रावकाच्या रेणूंनाही असेच वळावे लागते आणि मार्कस यांनी त्याचाही हिशेब गणितात धरला.

अशा ठिकाणी आपल्या स्मरणिकांतील लेखक हमखास प्रतीत्यसमुत्पादाकडे वळतात. तो मोह मी आवरतो. रसायनशास्त्राला धम्माच्या प्रशस्तिपत्राची आवश्यकता नाही आणि धम्मालाही रसायनशास्त्राच्या प्रशस्तिपत्राची नाही. आठवण काढायचीच तर ‘एहिपस्सिको’ची काढावी: ये आणि पाहा. कारण मार्कस यांच्या गणितातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघत होता. उतार वाढवत नेला की देवघेव वेगाने होईल, हे कोणीही सांगेल. पण एका मर्यादेपलीकडे उतार वाढवला तर देवघेव उलट मंदावेल, असे हे गणित सांगे. कोणाचा चटकन विश्वास बसेना, आणि सुमारे २५ वर्षे कोणाला ते निर्विवादपणे दाखवताही आले नाही. अखेर १९८४ मध्ये अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत जॉन मिलर, गेर्हार्ड क्लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देणारा आणि घेणारा यांना एका ताठ रेणूच्या दोन टोकांना बांधले, घेणारे एकामागून एक बदलले आणि वेग मोजले. वेग आधी वाढला, मग खरोखरच घटला.

या प्रयोगात त्यांनी वापरलेले तंत्र, म्हणजे स्पंद-किरणविच्छेदन, ट्रॉम्बेलाही परिचयाचे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात रेखीय त्वरकाच्या साहाय्याने ते अनेक वर्षे चालत आले आहे. वेगवान इलेक्ट्रॉनांचा एक अतिसूक्ष्म काळाचा झोत पाण्यावर सोडला की पाण्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. सुटलेल्या इलेक्ट्रॉनभोवती पाण्याचे रेणू घर करतात. असा पाण्याने वेढलेला इलेक्ट्रॉन प्रथम १९६२ मध्ये ओळखला गेला. त्याचा रंग निळा असतो आणि आयुष्य क्षणभंगुर. त्या अल्पावधीत त्याला समोर ठेवलेल्या धातूच्या संयुगाला किंवा प्रथिनाला गाठू द्यायचे आणि रंग कसा बदलतो त्यावरून देवघेवीचा वेग काढायचा. ट्रॉम्बेच्याच प्रकाशरसायनाच्या प्रयोगशाळांतून याहीपेक्षा जलद उड्या लेसरच्या स्पंदांनी टिपल्या गेल्या: टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर रंगद्रव्याचा थर चढवला आणि त्यावर प्रकाश पाडला, की रंगद्रव्यातील इलेक्ट्रॉन कणात शिरतो. रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटाचा पाया हीच उडी आहे.

आता शरीरात येऊ. डब्यातील साखर का जळत नाही आणि शरीरातील का जळते, याचे उत्तर पेशीतील प्रथिनांत आहे. साखरेतून निघालेला इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनवर टाकला जात नाही. लोह, तांबे, गंधक धारण करणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेतून तो हातोहात पुढे सरकवला जातो, जशी लग्नघरी पंगतीला ताटे पुढे जातात. मालिकेतील सायटोक्रोम सी हे एक छोटे प्रथिन. माणसात त्यात १०४ अमिनो आम्ले आणि मधोमध लोहाचा एक अणू. प्रथिन हे काही तांब्याच्या तारेसारखे वाहक नव्हे. मग इलेक्ट्रॉन त्यातून जातो कसा? कॅलिफोर्नियातील हॅरी ग्रे यांच्या गटाने १९८२ मध्ये घोड्याच्या हृदयातील सायटोक्रोम सीच्या पृष्ठभागावर रुथेनियमचे एक संयुग ठरावीक जागी जोडले आणि तेथून आतल्या लोहापर्यंत इलेक्ट्रॉन जातो हे दाखवले. मधले अंतर सुमारे १२ अँगस्ट्रॉम, मध्ये धातू नाही, पूल म्हणून केवळ प्रथिनाचा साचा. पुढे अशा अनेक प्रथिनांच्या अभ्यासातून दिसले, की निसर्गाने लागोपाठच्या दोन थांब्यांमधील अंतर साधारणपणे १४ अँगस्ट्रॉमच्या आत ठेवले आहे. त्यापेक्षा अंतर वाढले की उडीची शक्यता झपाट्याने कोसळते. दर दोनएक अँगस्ट्रॉमला वेग जवळजवळ एक-दशांश होतो.

जेथे इलेक्ट्रॉन जायला हवा तेथे वाट बांधलेली आहे, आणि जेथे जाऊ नये तेथे? त्याचे उदाहरण आपल्या रक्तातच आहे. हिमोग्लोबिनमधील लोह दोन प्रभारांचे असते आणि ते ऑक्सिजनला धरते, पण आपला इलेक्ट्रॉन त्याला देऊन बसत नाही. प्रथिनाच्या कप्प्यात लोह झाकून ठेवल्यामुळे हे साधते. तरीही रोज थोड्या हिमोग्लोबिनचा इलेक्ट्रॉन निसटतोच. त्याचे लोह तीन प्रभारांचे होते, त्याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात आणि ते ऑक्सिजन वाहण्याच्या कामाचे राहत नाही. म्हणून तांबड्या पेशीत एक विकर सतत राखणदारी करते आणि हरवलेला इलेक्ट्रॉन परत देते. तान्ह्या बाळात हे विकर अजून पुरते सक्षम नसते. ज्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त, ते पाणी बाळाच्या दुधात मिसळले तर नायट्रेटचे नायट्राइट होते, ते हिमोग्लोबिनचा इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि बाळाचे ओठ, नखे निळसर पडतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाने ठरवलेली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. गावाकडे ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. या विकाराच्या तीव्र अवस्थेत रुग्णालयात मिथिलीन ब्ल्यू हे निळे रंगद्रव्य शिरेतून देतात. तेही इलेक्ट्रॉनचा हमालच: पेशीतून इलेक्ट्रॉन घेतो आणि लोहाला पोहोचवतो.

शेवटी ज्या वस्तूसाठी हा सारा प्रपंच मांडला तिच्याकडे येतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, फ्रिजवर किंवा औषधांच्या डब्यात, रक्तातील साखर मोजण्याचे छोटे यंत्र असते. त्यात खोचायच्या पट्टीत आतापर्यंतची तिन्ही प्रकरणे एकत्र आली आहेत: प्रथिन, धातूचे संयुग आणि मुद्दाम बदललेला पृष्ठभाग.

प्रथिनाकडून थेट विद्युतअग्रावर इलेक्ट्रॉन घेणे ही फार काळ अवघड गोष्ट मानली जाई. उघड्या धातूवर प्रथिन वेडेवाकडे चिकटते, उलगडते आणि बसल्या जागी बिघडते. १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या अॅलन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने सोन्याच्या पृष्ठभागावर एका छोट्या सेंद्रिय रेणूचा थर बसवला, तेव्हा सायटोक्रोम सी त्यावर नीट टेकून इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ लागले. धातू तोच, फक्त त्याचा चेहरा बदलला. साखरेवर काम करणाऱ्या ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरात मात्र आणखी एक अडचण होती. त्यातील इलेक्ट्रॉन धरणारी जागा प्रथिनाच्या पोटात खोल आहे. विद्युतअग्रापासून ती इतकी दूर राहते की उडी पोहोचत नाही. त्यावर उपाय निघाला तो मध्यस्थाचा. १९८४ मध्ये हिल यांचा समावेश असलेल्या इंग्लंडमधील एका गटाने फेरोसीन हे लोहाचे संयुग मध्ये घातले. ते विकराकडून इलेक्ट्रॉन घेते, विद्युतअग्रापर्यंत जाऊन सोडते आणि पुन्हा परतते. १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचे असे यंत्र बाजारात आले.

आजच्या पट्ट्यांत विकर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजिनेज असते आणि मध्यस्थ म्हणून बहुधा फेरिसायनाइड, रुथेनियम किंवा ऑस्मियम यांची संयुगे. (फेरिसायनाइड या नावातील सायनाइडने घाबरू नये, तो लोहाला घट्ट बांधलेला असतो.) रक्ताचा थेंब आत ओढला गेला की काही सेकंदांत ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन विकराकडे, तेथून मध्यस्थाकडे, तेथून विद्युतअग्राकडे जातात आणि यंत्र वाहिलेला विद्युतप्रवाह मोजते. पडद्यावरचा आकडा हा साखरेचा थेट आकडा नव्हे. तो इलेक्ट्रॉनांच्या मोजदादीवरून काढलेला आहे. म्हणून जेथे जेथे इलेक्ट्रॉन आडवाटेने येतो किंवा निसटतो, तेथे तेथे आकडा चुकतो.

आंबा सोलून झाल्यावर बोट नुसते पुसून टोचले, तर आंब्याची साखर थेंबात मिसळते आणि आकडा भलताच चढतो. बोट साबण-पाण्याने धुऊन कोरडे केलेले असावे. स्पिरिटचा बोळा साखर नीट काढत नाही. क जीवनसत्त्व स्वतःच इलेक्ट्रॉन देऊ पाहते. त्याचे मोठे डोस, विशेषतः शिरेतून, घेतलेल्या रुग्णात काही यंत्रे खोटा जास्त आकडा दाखवतात. ग्लुकोज ऑक्सिडेजचा निसर्गदत्त साथीदार ऑक्सिजन आहे. रुग्णाला कृत्रिम ऑक्सिजन लावलेला असेल तर तो मध्यस्थाच्या आधी इलेक्ट्रॉन पळवतो आणि अशा पट्टीवर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

सर्वांत जास्त काळजी रक्तक्षय असलेल्यांनी घ्यायला हवी. तांबड्या पेशी कमी असल्या की थेंबात ग्लुकोजला वाट मोकळी मिळते, इलेक्ट्रॉन लवकर आणि जास्त पोहोचतात आणि साखर आहे त्यापेक्षा अधिक दिसते. काही नवी यंत्रे ही चूक बऱ्याच अंशी दुरुस्त करतात. सर्वच करत नाहीत. यात धोका असा, की खरी साखर उतरलेली असताना आकडा ठीक दिसतो आणि त्या भरवशावर इन्सुलिन टोचले जाते. आपल्या घरांतील किती आया-बहिणींना रक्तक्षय असतो हे वेगळे सांगायला नको. विदर्भातील आपल्या समाजबांधवांत सिकलसेलचे प्रमाणही लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरीची म्हणून केली जाणारी एचबीए१सी चाचणीही त्याच्याबाबतीत भरवशाची राहत नाही, ती सहसा कमी आकडा दाखवते. एक चाचणी जास्त दाखवते, दुसरी कमी. अशा रुग्णाने आपल्याला सिकलसेल किंवा रक्तक्षय आहे हे मधुमेहाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि अधूनमधून प्रयोगशाळेत शिरेतील रक्तावरून साखर तपासून घ्यावी. यंत्राचा आकडा आणि अंगातली लक्षणे जुळत नसतील, घाम, थरथर, डोके हलके होणे असे काही असेल आणि यंत्र मात्र सर्व ठीक म्हणत असेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवावा.

आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी पावसाळ्यातील गोष्ट. पट्टीवरील विकर आणि मध्यस्थ कोरड्या स्थितीत थापलेले असतात. दमट हवा लागली की विकर मंदावते आणि मध्यस्थ काही अंशी आधीच इलेक्ट्रॉन घेऊन बसतो, म्हणजे थेंब पडण्यापूर्वीच हिशेब बिघडलेला असतो. डबीच्या आत ओल शोषणारे द्रव्य बसवलेले असते ते याचसाठी. पट्टी काढली की झाकण तत्क्षणी घट्ट लावावे, पट्ट्या सोयीसाठी दुसऱ्या डबीत किंवा पाकिटात काढून ठेवू नयेत, स्वयंपाकघरात वाफेजवळ ठेवू नयेत आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवावी.